उजवा डोळा

आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, डावा डोळा 'पिकू दे, पिकू दे' म्हणण्यातच गेला. मोतीबिंदू म्हणजे काय सीताफळ आहे, पिकल्यावर उतरवायला? डॉक्टरांनी बजावलं होतं, आतलं भिंग गढूळ झालंय, थेंबांनी ते निवळत नाही. फार दिवस तसंच ठेवलं तर डोळ्यात दाब वाढतो आणि गेलेली नजर परत येत नाही. तसंच झालं. उरला उजवा. त्यालाही त्या हात लावू देईनात.

का, ते मला एका संध्याकाळी कळलं. उंबऱ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "पाणी दे गं त्याला. रानातनं आलाय."

दारात कुणी नव्हतं. माझ्या नवऱ्याला जाऊन वर्ष उलटलं होतं.

मला रागच आला. "आत्याबाई, येड्यावानी काय बोलताय?"

"मला काय कळत न्हाय व्हय? गेलाय त्यो, ठाऊक हाय मला. पर ह्या धुरकटात दिसतोय. ऑपरेशन केलं तर परत जाईल की गं."

चिडले खरी, पण पुढं मीच कामं आटोपून त्यांच्याजवळ बसायला लागले. "आज आले का?" विचारायची. "आलाय. खांबाला टेकलाय," असं ऐकलं की जीव भांड्यात पडायचा. एकदा मी त्या खांबावरून हातही फिरवला. गार होता. खोटं कशाला बोलू, मलाही ते ऑपरेशन नकोच होतं.

पण एका सकाळी चुलीवरचा तवा न दिसल्यानं त्यांनी त्यावर हात टेकला. तळहात पार भाजला. मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही, माझं स्वतःचंसुद्धा. आमच्या माकणीहून थेट उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. गढूळ भिंग काढलं, नवं बसवलं, लई वेळही लागला नाही. थेंब, काळा चष्मा, डोळ्याला पाणी लावायचं नाही, सगळं मी दटावून पाळायला लावलं.

चष्मा उतरल्यावर त्या तुरीची डाळ निवडायला बसल्या. बारीकसा खडासुद्धा सुटेना त्यांच्या नजरेतनं. दिवस कलला. मला राहवेना.

"आत्याबाई, आले का?"

त्यांनी दाराकडं बघितलं. बराच वेळ. मग माझ्याकडं वळल्या आणि माझं तोंड नीट न्याहाळलं.

"व्हय की," म्हणाल्या. "बसलाय."