बगळे उठले का?

मामाजींना स्वतःच्या शेअरचा भाव कधीच ठाऊक नसे. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या घरा-शेताचा सगळा मोबदला त्यांनी वीज तयार करणाऱ्या एका कंपनीत घातला होता. तरी भावाचा विषय काढला की चिडत. "भाव पाहणारा फसते जी मास्तर. बसला कोन, थे पाहा."

बसलेले म्हणजे म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी संस्था. मामाजी त्या सगळ्यांना बगळे म्हणत. जन्म तलावाकाठी गेलेला. बगळा उपाशी बसत नाही, तो बसला तिथे मासोळी असणारच, हे त्यांचं शास्त्र. पुनर्वसनाच्या गावात कॉम्प्युटर माझ्याच घरी. कंपनीच्या भागधारकांचा तिमाही तक्ता निघाला की मामाजी खुर्चीच्या कडेवर अवघडून बसत आणि मी कोणाकडे किती टक्के ते वाचून दाखवी. टक्का वाढलेला असला की माझ्या बायकोला चहा मांडायचा हुकूम सुटे. एवढा हक्क फक्त त्यांचाच.

या शास्त्रामागे एक जखम होती. गाव बुडणार, बुडणार अशी नुसती चर्चा होती तेव्हाच गावच्या पाटलांनी गुपचूप वरच्या भागात जमीन घेऊन ठेवली. मामाजींना कळेपर्यंत तिथले भाव आभाळाला भिडले होते. "आता उठणाऱ्यावर नजर ठेवीन. थे उठले का आपन उठलो," ते म्हणत. शेअर वाढले की करडी गावाकडे धानाची एक बांधी, शेताचा एक तुकडा, घ्यायची होती, मामींसाठी. एकेकाळी स्वतःच्या बांधीत मजूर लावणाऱ्या मामी आता दुसऱ्यांच्या शेतात मजुरीने धानाच्या रोवणीला जात. ते त्यांना बघवत नसे.

मग शेअर पडायला लागला. रोज पडे. मी म्हटलं, विकून टाका.

"बगळे उठले का?"

"मागच्या तक्त्यात तर आहेत."

"मंग कायले भिऊन राहिले जी?"

नवा तक्ता आला, त्यात फंड नव्हते, विमावालेही नव्हते. मामाजींनी मला तो दोनदा वाचायला लावला. तक्ता तिमाही सरल्यावर निघतो, हे मी त्यांना पूर्वीच सांगितलं होतं. पण बगळा दिसतो म्हणजे आत्ता बसलेला असतो, ही जन्माची सवय.

"उठले कवा?"

"आपण थांबलो होतो ना मामाजी, तेव्हाच."

"म्हंजे पाटील याही टाइमले आधीच गेले," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

उरलंसुरलं त्यांनी त्याच आठवड्यात विकलं. त्यात बांधी कुठली यायला! हिवाळ्यात मामाजी गेले. मला फार राग येतो, पण शिवी द्यावी तर समोर चेहरा नाही.

यंदा सवयीने तक्ता उघडला. बगळे परत आले होते. मामींना सांगावं म्हणून निघालो. करडीच्या रस्त्याला, कोणाच्या तरी बांधीत, मामी गुडघाभर चिखलात वाकून धान रोवत होत्या. मला पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय जी मास्तर, काही काम होतं का?"

"नाही मामी. असाच आलो," मी म्हणालो.