मिळून न आलेल्या बापांचा पत्ता

कुसुमताई वाणी यांची माझी पहिली भेट त्यांनी बोलावून घेतल्यामुळे झाली, आणि बोलावणे न्यायालयातून आले होते. त्याच आठवड्यात धुळ्याच्या एका वर्तमानपत्रातील माझ्या सदरात मी लिहिले होते, की पोटगी थकवणारा नवरा किराणा भरतो, मत देतो, बारशाला जेवतो, फक्त पोलिसांना तेवढा दिसत नाही. आता बेअदबीची नोटीस येणार अशा तयारीने, इस्त्रीचा सदरा घालून मी गेलो. पोटगीच्या टेबलामागे बसलेल्या कुसुमताईंनी, म्हणजे सगळ्या कचेरीच्या अक्कांनी, माझे कात्रण पुढे सरकवले.

"सगळा दोष पोलिसांवर ढकललात तुम्ही," त्या म्हणाल्या. "आमचा वाटा राहिला. दुरुस्ती छापा."

टीकेतून आपले नाव वगळले म्हणून तक्रार करणारा सरकारी कर्मचारी मी तोवर पाहिला नव्हता. नंतरही पाहिला नाही.

तो वाटा कोणता, हेही त्यांनीच सांगितले. पिंपळनेरच्या एका बाईंची पहिली एसटी चुकली. पुकारा झाला तेव्हा त्या हजर नव्हत्या. 'अर्जदार गैरहजर' असा शेरा पडून वसुलीचा अर्ज निकाली निघाला. असा अर्ज वर्षाच्या आत करावा लागतो. बाईंना पुन्हा यायला जमले तोवर ती मुदत उलटली होती आणि लेकराची जुनी थकबाकी बुडाली. शेरा अक्कांच्या हातचा होता. "अक्षर इतकं सुरेख होतं, की साहेबांनी कौतुक केलं," असे त्या वर सांगत. टेबलावर येणाऱ्या प्रत्येक नव्या कारकुनाला त्या पहिल्या दिवशी हीच गोष्ट ऐकवीत.

ज्यांचा या कामाशी संबंध आला नाही, अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. पोटगीचा आदेश न्यायालय देते. तो पाळला जातो की नाही, हे बघायची नोकरी मात्र त्या बाईची, तीही बिनपगारी. पैसे आले नाहीत की तिने पुन्हा अर्ज करायचा, मग वॉरंट निघणार, आणि 'दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही' या शेऱ्यासह परत येणार.

यावर अक्कांनी काढलेला उपाय खान्देशातच सुचू शकतो. आपल्याकडे लग्नपत्रिकेत अख्खी भाऊबंदकी छापावी लागते. एखादे नाव राहिले तर वरपक्षापेक्षा मोठा रुसवा त्याचा. अक्का बायकांना सासरकडच्या पत्रिका आणायला सांगू लागल्या. चोपड्याच्या रेखाबाईंचे यजमान तीनदा 'मिळून आले नव्हते'. चौथ्या वेळी अक्कांनी अर्जाला त्यांच्या पुतण्याची पत्रिका जोडली. 'आपले नम्र' या यादीत यजमान चौथे होते, चाळीसगावच्या दुकानाच्या नावासकट आणि मोबाइल नंबरासकट. पोलीस मांडवात पोहोचले तेव्हा ते पाहुण्यांना आग्रह करकरून वरणबट्टी वाढत होते.

त्या दिवशी कचेरीत सगळे खूश होते. मीही वहीत सदराचा मथळा लिहून टाकला होता. बाकावर रेखाबाईंची आठवीतली सोनाली बसली होती. ती प्रत्येक तारखेला येई, कारण मुलगी शिकत नाही, कामाला जाते, असे बाप दर वेळी सांगे. मुलगी शाळेत जाते हे सिद्ध करायला तिची शाळा बुडवायची, अशी ही रीत. ती उठून अक्कांजवळ आली.

"अक्का, बाप ते सापडना. आते पुढली तारीखले माले शाळा बुडावनी पडी का?"

बाप तर सापडला, तरी पुढच्या तारखेला शाळा बुडवावीच लागणार का, असे ती अहिराणीत विचारत होती. मी मथळा खोडला. पत्रिकेने बाप एकदा सापडतो. पोटगी दर महिन्याला लागते.

तिथून अक्कांचे खरे काम सुरू झाले. त्या वेळच्या न्यायाधीशांच्या संमतीने त्यांनी एक नोंदवही घातली. आदेशाच्या दिवशीच बँक खाते, नोकरीचे किंवा दुकानाचे ठिकाण आणि शाळेचा दाखला घ्यायचा. दहा तारखेपर्यंत पैसे जमा झाले नाहीत, तर कचेरीनेच प्रकरण पुढे ठेवायचे. बाईने यायचे नाही, लेकराने तर नाहीच. सोनालीची सबंध नववी शाळेत गेली.

मग न्यायाधीशांची बदली झाली. नव्या साहेबांनी विचारले, हे कोणत्या नियमात आहे? कोणत्याच नव्हते. वही कपाटात गेली आणि सोनाली पुन्हा बाकावर आली. दहावीच्या विज्ञानाच्या पेपरलाच तारीख लागली, तेव्हा अक्का आदल्या दिवशी रजा टाकून चोपड्याला गेल्या, मुख्याध्यापकांचे पत्र आणले, आणि पोरीला पेपर देता आला. या रजेचे कारण त्यांनी 'घरगुती' असे लिहिले होते.

वहीची रीत राज्यभराचा नियम व्हावी म्हणून अक्कांनी प्रस्ताव लिहिला. भाषा पाहायला मला बसवले आणि माझे एकूण एक टोमणे काढून टाकले. "टोमणा वाचून साहेब लोक हसतात, आणि सही राहून जाते," हे त्यांचे म्हणणे माझ्या अख्ख्या कारकिर्दीवरचा शेरा आहे. मुंबईला समितीपुढे त्यांना बोलावणे आले. कौतुक झाले, चहा झाला. प्रस्ताव विचाराधीन आहे.

दोन वर्षांपूर्वी अक्का निवृत्त झाल्या. आता दर शनिवारी जळगावात घराच्या ओट्यावर बायकांचे अर्ज लिहून देतात. उपाशी कोणाला जाऊ देत नाहीत. सोनाली अठरा पूर्ण करून नर्सिंग शिकते आहे. नियम उद्या झाला तरी तिच्या कामाचा नाही. तिच्या बाकावर हल्ली दुसरी एक मुलगी बसते, मांडीवर भूगोलाचे पुस्तक घेऊन.

या गौरवग्रंथासाठी लिहितो आहे, असे सांगायला गेलो तेव्हा अक्का अर्जच लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शतायुषी व्हा असं काही लिहू नका हं. अजून चाळीस वर्षं हातात आहेत असं वाटेल त्या समितीला."

म्हणून तो शब्द गाळतो. अक्कांना उत्तम आरोग्य लाभो, डोळे आणि गुडघे शाबूत राहोत, आणि भूगोलाचे ते पुस्तक वर्गात उघडलेले त्यांना लवकर, अगदी येत्या जूनमध्ये, पाहायला मिळो. त्यापुढचे आयुष्य त्यांनी निवांतपणे, लग्नपत्रिका नुसत्या जेवणासाठी वाचत, भरपूर जगावे.