अर्ध्या कोयत्याचं भाषांतर

"मॅडम, बाई गेल्या हो," वसतिगृहात स्वयंपाक करणारी गयाबाई फोनवर म्हणाली. मी तेव्हा सिरसाळ्याच्या बाजारात दोडक्याचा भाव करत होते, म्हणून जरा वैतागूनच विचारलं, "आता कुठं गेली ही? अंगात ताप असताना?" कारण बाई म्हणजे आमची मार्था, आणि ती कायम कुठं ना कुठं गेलेलीच असायची. तहसीलला, बँकेत, धर्मापुरीकडच्या कुणाच्या तरी बाळंतपणाला... पलीकडून पदर तोंडात कोंबून रडण्याचा आवाज तेवढा आला. हातातला दोडका तसाच घेऊन मी स्टँडकडं चालत सुटले. भाजीवाला "मॅडम, मॅडम" करत मागं आला आणि माझा चेहरा बघून गप परत गेला. ही गोष्ट भाद्रपदातली. आता दिवाळी तोंडावर आलीय आणि मला लिहायला आत्ता कुठं बसवतंय. शिवाय दसऱ्यानंतर एक गोष्ट घडली, ती घडेपर्यंत मला लिहायचंही नव्हतं. हे लिहिणं नुसतं रडगाणं झालं असतं, आणि मार्थाला रडगाण्याचा भारी राग.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट, मी तेव्हा गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. मार्था आली ती समुद्रापलीकडच्या एका चर्चचं काम घेऊन. स्वतः आमच्याच जिल्ह्यातली, आष्टीकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे आणि ही मिशनच्या बोर्डिंगमध्ये राहून शिकली, नर्स झाली. लग्न केलं नाही. गावात आली तेव्हा पांढरी साडी, खांद्याला पिशवी आणि सायकल, एवढाच तिचा संसार. गावानं अर्थातच कान टवकारले. एक पुढारी चौकात सगळ्यांसमोर म्हणाले, "काय बाई, किती जनं बाटवायचा कोटा हाय?" मार्था सायकलवरून उतरली, पदर नीट केला आणि म्हणाली, "साहेब, मी येशूची हाय, ते मी लपवत न्हाई. पण तुमी दोन वर्सं थांबा, आन् मग किती पोरं पास झाली ते इचारा." दोन वर्षांनी पुढाऱ्यांनी काही विचारलं नाही, पण त्यांच्याच गड्याची पोरगी मार्थाकडं राहायला आली होती आणि ते स्वतः तिची ट्रंक घेऊन आले होते.

तिचं काम समजायचं तर आमच्याकडचा एक शब्द आधी समजायला हवा. ऊसतोडीला जाणारी माणसं आमच्याकडं डोक्यांवर मोजत नाहीत, कोयत्यांवर मोजतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावर वाहते. दोघं मिळून एक कोयता. "टोळीत किती कोयते?" म्हणजे किती जोडपी. आणि ज्या बाईचा नवरा मेलाय किंवा सोडून गेलाय, ती अर्धा कोयता. मुकादम तिला हंगामाची आगाऊ उचल द्यायला कुरकुरतो, जोडीला कुणी मिळत नाही, आणि एकटीनं उसाच्या फडावरच्या खोपीत राहायचं म्हणजे काय, हे बायकांना सांगावं लागत नाही. दसरा झाला की ट्रक भरायचे. माझ्या वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर निघून जायची आणि उन्हाळ्यात अक्षरं विसरून परत यायची. मार्थाला या पोरांसाठी काहीतरी करायचं होतं. मलाही होतं. त्यातूनच आमची गट्टी जमली, भांडणांसकट.

मार्था आली त्याच वर्षी परदेशातून हेलनबाई आल्या. त्या चर्चच्या वडीलधाऱ्या. उंच, उन्हानं लालबुंद झालेल्या, हात मात्र आमच्या बायकांसारखे राठ, कारण त्या शेतकरीणच. त्यांच्या चर्चमध्ये बहुतेक सगळे गहू पिकवणारे आणि मेंढ्या पाळणारे. त्यांनी इथं प्रार्थनेसाठी एक हॉल बांधायचं ठरवलं होतं, त्यासाठी जागा बघायला आल्या होत्या. मार्था त्यांना घरोघरी फिरवत होती आणि दोन्हीकडचं बोलणं इकडं-तिकडं करत होती. माझं इंग्रजी पाचवीच्या पुस्तकापुरतं, म्हणून मी नुसती मान हलवत बरोबर होते. गयाबाईच्या अंगणात आम्ही टेकलो. तिचा नवरा दुसरी करून निघून गेलेला, पदरात दोन पोरं. हेलनबाईंनी विचारलं, ही कामाला का जात नाही? गयाबाई म्हणाली, "मी अर्धा कोयता, बाई. मला कोन नेतंय?" मार्थानं झटक्यात भाषांतर केलं... तिच्याकडं अर्धाच विळा आहे, म्हणून तिला कुणी कामावर नेत नाही! हेलनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गयाबाईचा हात किती तरी वेळ हातात धरून ठेवला. मार्था मला कोपरानं ढोसून हळूच म्हणाली, "बघ, बाईला बाईचं दुःख न सांगता कळतंय."

काय कळलं होतं ते पुढच्या वर्षी कळलं. परळीहून टेम्पोनं एक लाकडी खोकं आलं. फळ्या उचकटल्या आणि आत विळेच विळे! जुने, पण घासूनपुसून, धार लावून, तेलाच्या कापडात गुंडाळलेले. चर्चमधल्या शेतकऱ्यांनी आपापल्या कोठारातले, आज्या-पणज्यांच्या वेळचे विळे काढून पाठवले होते. हिंदुस्तानातल्या बायका मोडक्या विळ्यांनी काम करतात, हे ऐकून त्यांना राहवलं नव्हतं. गयाबाईनं एक उचलून उलटासुलटा केला. "आगं बया! ह्येनं ऊस तोडू का गवत कापू?" मार्थानंही एक विळा हातात घेतला. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती मटकन खाली बसली. हसू आवरेना. "सुमन... मेले गं मी! मी हिच्या नवऱ्याचा विळा केला!" आम्हाला काही उमजेना. मग तिनं सगळं नीट सांगितलं. मला वाटलं, आता गयाबाई रडणार. तर ती हातातल्या विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत म्हणाली, "मंग बरंच झालं की, बाई. पयल्याला तरी कुठं धार हुती!"

त्या हसण्यात सगळं सोडून दिलं असतं तर ती मार्था कसली. दुसऱ्याच दिवशी ती खोकं घेऊन सिरसाळ्याच्या लोहाराकडं गेली. "नवऱ्याचा विळा झाला, आता विळ्याची विळी करू," असं मला जाता जाता सांगून. लोहारानं मुठी काढल्या, पाती तापवून जरा उभी केली आणि बाभळीच्या पाटांवर ठोकून दिली. मग तिनं हेलनबाईंना फोन लावून झाली चूक सांगितली, आणि त्याच फोनवर हॉलऐवजी मागं राहणाऱ्या पोरांसाठी स्वयंपाकघर मागितलं. आमच्या भागातल्या चर्चच्या पाळकसाहेबांना ते मुळीच रुचलं नाही. प्रार्थनेची जागा आधी हवी, लोक हसतील, असं त्यांचं म्हणणं. मार्था त्यांना मान देऊन बोलायची, पण वाकायची नाही. "साहेब, प्रार्थना काय, लिंबाखाली करते मी. चूल लिंबाखाली टिकत न्हाई, पावसात इझती." पलीकडच्या शेतकऱ्यांना हे पटकन पटलं. स्वयंपाकघर झालं, त्याला लागून लांब पडवी आणि दोन खोल्या. गावातले अर्धे कोयते तिथं स्वयंपाकाला लागले आणि पुऱ्या कोयत्यांची पोरं तिथं राहायला लागली. हंगामभर पोरं गावात, शाळेत, माझ्या समोर. फाल्गुनात वर्ग भरलेला बघितला तेव्हा मी खडू हातात घेऊन उगाच उभी राहिले. कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण मला त्या दिवशी मार्थाच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही. तिनं थट्टा करून जीव घेतला असता.

तिची एक तऱ्हा होती. भाजी आत चिरायची नाही. बायकांनी विळ्या घेऊन पडवीत ओळीनं बसायचं, आणि पोरांनी त्यांच्या भोवतीच अभ्यास करायचा. मी म्हटलं, "अगं, पुस्तकांना कांद्याचा वास लागतो, पोरांचं ध्यान उडतं." तर म्हणाली, "सुमन, मला बोर्डिंगात भाकर मिळाली. चांगली मिळाली, मी नावं न्हाई ठिवत. पण ती भाकर थापताना मला कुणीच दिसलं न्हाई. खिडकीतून ताट यायचं. लई रडायची मी त्या ताटाकडं बघून." त्यावर मी पुन्हा कधी वाद घातला नाही. गयाबाई भाजी चिरता चिरता पाढे म्हणून घ्यायची; तिला स्वतःला येत नव्हते, पण पोरगं अडखळलं की तिला बरोबर कळायचं. जेवायच्या आधी पोरं आपापल्या घरचे श्लोक म्हणत, मार्था डोळे मिटून आपली प्रार्थना करी. मार्था स्वतः रोज ओळीच्या टोकाला तिच्या विळीवर बसायची. आणि काय तिचा तो जाच! कुणी नव्या बाईनं फोड जरा मोठी केली की लगेच ओरडायची, "आगं, फोड पोराच्या तोंडायवढी कर, तुझ्या तोंडायवढी न्हाई!" गाणं मात्र बेसूर म्हणायची, चहात साखर घालायला हात आखडायचा आणि चूक कबूल करणं तिला विळ्यांच्या त्या एका प्रसंगाशिवाय कधी जमलं नाही.

त्या पडवीतल्या पोरींपैकी एक आज बीडला नर्स आहे, एक पोलिसात आहे, एक माझ्याच शाळेत शिकवते आणि माझ्यापेक्षा बरं शिकवते. हे मी छाती फुगवून लिहितेय. मार्थानं लिहिलं नसतं, म्हणून मी लिहितेय.

मध्यंतरी पलीकडचं चर्च म्हातारं झालं. तरुण मंडळी शहरांत गेली, उरलेल्यांना इमारत सांभाळवेना, ती विकली गेली आणि मदत थांबली. आम्हाला वाटलं, आता हे आटोपलं. मार्थानं गावची बैठक बोलावली आणि सरळ सांगितलं, "इतकी वर्सं परक्या गावानं आपली पोरं जेवू घातली. आता आपलं गाव हाय का न्हाई, ते सांगा." लोक उठून घरी गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून ज्वारी यायला लागली. कुणी पायलीभर, कुणी पोतं. ट्रंक आणून दिलेल्या त्या पुढाऱ्यांकडून तर भरलेली बैलगाडी आली. हेलनबाई आता एका वृद्धाश्रमात राहतात. मार्था त्यांना दर रविवारी व्हिडिओवर फोन करायची, पडवी दाखवायची, पोरांची गाणी ऐकवायची. म्हणायची, "पयलं मिशन तिकडून हिकडं आलं. आता हिकडून तिकडं निघालंय." ती गेल्यावरच्या रविवारी तो फोन मी केला. माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. शेतकरणीनं विचारावं तसं हेलनबाईंनी विचारलं, पात्यांना अजून धार आहे का? मी आहे म्हणाले. त्यांनी मान हलवली.

पण आम्हा सगळ्यांना खरी धास्ती होती ती दसऱ्याची. आईबाप पोरं ठेवून जायचे ते कुठल्या संस्थेवर नव्हे, मार्थावर भरवसा ठेवून. बाईच नाही म्हटल्यावर कोण ठेवेल? एक मुकादम तर गावात सांगत फिरत होता, "बाई ऱ्हायल्या न्हाईत, पोरं घ्या संगं. बैलाला उसाचं वाढं घालायला व्हतील." ट्रक निघायच्या दिवशी मी सकाळपासून वसतिगृहाच्या फाटकात उभी होते. गयाबाईनं नेहमीसारख्या बायका पडवीत बसवल्या होत्या, ओळीनं, विळ्या घेऊन. टोकाची मार्थाची विळी धुऊन ठेवलेली, तिच्यावर कुणी बसत नव्हतं. पहिलं जोडपं आलं. बाप फाटकाबाहेर थबकला, आत बघत राहिला. पडवीत भोपळे पडले होते, कांदे सोलणं चाललं होतं, गयाबाई कुणाला तरी पाण्यावरून झापत होती. त्यानं लेकीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत ढकललं, म्हणाला, "जा, भूक लागली आसंल तुला." मग दुसरं आलं, तिसरं आलं... दुपारपर्यंत पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी रडले. सांगायला लाज कसली.

ट्रक गेल्यावर फाटकात एक बाई उभी दिसली. वय पंचविशीच्या आतबाहेर, काखेत पोर. धर्मापुरीच्या बाजूची. तिच्याबरोबर जायला कुणी जोडीदार नव्हता, ट्रक तिला सोडून गेला होता. दाराशीच उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "मी अर्धा कोयता हाय. पोरीला तेवढं ठिवून घ्या. मी बघते कुठं काम लागतंय का."

गयाबाईनं तिच्याकडं एकदा नीट बघितलं. मग उठली, ओळीच्या टोकाची मार्थाची विळी उचलली, पदरानं पुसली आणि आपल्या शेजारी मांडली. "हितं बस. आर्धं-बिर्धं काय नसतंय हितं. त्यो भोपळा घे."

ती बिचकतच बसली. पोर माझ्याकडं दिलं. समुद्रापलीकडच्या कुणा पणज्याच्या त्या पात्यावर तिनं भोपळा दाबला आणि चिरायला लागली. मी बघत होते, फोडी चांगल्या मुठीएवढ्या पडत होत्या. मार्था असती तर आता ओरडली असती, एवढं माझ्या मनात आलं न आलं तोच पडवीभर आवाज घुमला.

"आगं, फोड पोराच्या तोंडायवढी कर, तुझ्या तोंडायवढी न्हाई!"

गयाबाई ओरडली होती.