गंगेचा गडू

गोमुखाच्या वाटेवर एका मोठ्या खडकाशी आई थांबली. "बर्फाची भिंत इथवर होती," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी इथेच गडू भरला." आता तिथे नुसते दगडगोटे होते. दूर वरच्या अंगाला हिमनदीचा एक तुकडा निखळून पडल्याचा आवाज आला. हिमनदी मागे सरली, असं आपण म्हणतो. जणू मागे सरलेलं माणूस थोड्या वेळाने पुन्हा पुढे येणारच आहे. मी नवा गडू घेऊन पाण्याकडे निघाले, तर आई म्हणाली, "राहू दे. घरी आहे ना." कुणाच्या तरी शेवटच्या घोटासाठी देवघरात तोंड बंद करून ठेवलेला बाबांचा गडू मला आठवला. या खडकापाशी जो बर्फ होता, त्यातला आता तेवढाच उरलाय.