चार शब्दांचे मास्तर

शिंपीमास्तरांना कुणी नुसतं 'दुकान किती वाजता उघडतं' असं विचारलं, तरी उत्तर त्यांच्या आजोबांपासून सुरू व्हायचं. कोटाचं माप द्यायला माणूस आला की आधी वीस मिनिटं गप्पा. लोकांना वाटायचं, मास्तरांना बडबडीची खोड आहे. होतीच, नाही कशाला म्हणा! पण त्यात एक मेख होती. टेप दिसली की माणूस ताठतो, छाती काढतो, पोट आत घेतो. त्या मापाचा कोट शिवला, की घरी जाऊन श्वास सोडताक्षणी बटण तुटलंच म्हणून समजा. म्हणून मास्तर बोलत राहायचे. ऐकता ऐकता गिऱ्हाईक स्वतःला विसरायचं, खांदे उतरायचे, पोट आपल्या जागी परत यायचं, आणि तेवढ्यात मास्तरांची टेप फिरून गेलेली असायची.

हल्ली वीस मिनिटं आहेत कुणाकडे? दुसऱ्या मिनिटाला गिऱ्हाइकाचा फोन खिशातून बाहेर. मान खाली घालून उभ्या राहिलेल्या माणसाची पाठ मोजणार तरी कशी? लोक कंटाळून तयार कपड्यांकडे वळले. दुसऱ्या मशीनवर मास्तरांची लेक बसायची, हात वडिलांपेक्षा सफाईदार. तिला कपड्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं आणि पहिल्या तारखेपर्यंत कळवायचं होतं. ती गेली तर मास्तरांचा अर्धा जीव जाणार होता. पण नेमकं हेच त्यांच्या तोंडून निघेना. बाकी सगळं निघायचं.

शेवटी लेकीनंच उपाय काढला. इंटरनेटवर दुकानाचं पान उघडू, व्हिडिओ टाकू, गिऱ्हाईक आलं तर राहीन, नाहीतर चालले, असं तिनं सरळ सांगितलं. पानावर स्वतःची ओळख दोन ओळींत द्यायची होती. मास्तरांनी वहीची सहा पानं भरली आणि विचारलं, "प्रस्तावना झाली, पुढचं कुठं लिहू?"

व्हिडिओचीही तीच गत. मास्तर चाळीस मिनिटं बोलले आणि लेकीनं त्यातले पंधरा सेकंद ठेवले. त्यात ते ओठांत टाचण्या धरून मुकाट्यानं कॉलर बसवत होते. अख्ख्या चाळीस मिनिटांत गप्प होते ते एवढेच. खाली तिनं चार शब्द लिहिले, 'कमी बोलतो. नीट शिवतो.'

आणि काय सांगावं, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं! जगात एवढा गोंगाट आणि हा माणूस बघा किती शांत, असं हजारो जण लिहू लागले. लिहिणाऱ्यांचं स्वतःचं तोंड बंद नव्हतं, हा भाग वेगळा. दुकानात रीघ लागली. मंडळी मौनी मास्तर बघायला यायची, सोबत फोटो काढायची आणि पोट आत ओढून माप द्यायची. मास्तर काही बोलायला गेले की लेक मागून डोळे वटारायची. मग बिचारे टाचण्या ओठांत धरायचे. माप चुकतंय हे दिसत होतं, पण सांगायची सोय नव्हती. तरी तक्रार एक नाही! कोट घालून एक फोटो निघाला की लोकांचं काम झालं, आणि फोटोपुरता श्वास कुणालाही धरता येतो.

एवढं होऊनही लेकीनं कारखान्याला नकार कळवला नव्हता. असले कोट काय, तिथंही शिवता येतील, असं ती म्हणाली.

मुदतीच्या आदल्या दिवशी एक बसचालक तणतणत आला. नवा कोट काखेत उसवला होता. लेकीनं पुन्हा माप घ्यायला टेप काढली, तसा तो खांबासारखा ताठ झाला. तिनं वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात टाचण्या. मग तिनंच विचारलं, उसवला कधी?

भाऊ अकरा वर्षांनी घरी आला, त्याला मिठी मारताना, तो म्हणाला. ती नुसती "मग?" म्हणाली. मग तो सुटलाच. भांडण सायकलीवरून कसं झालं, भाऊ न सांगता कसा गेला, आईनं त्याचे बूट किती वर्षं पुसून ठेवले, सगळं सांगत गेला. मास्तरांना मध्येच आपल्या चुलतभावाची गोष्ट आठवली, अगदी अशीच, किंबहुना याहून सरस. पण तोंड भरलेलं. नाइलाजानं ऐकत राहिले. बसचालकाचे खांदे कधी उतरले ते त्याला कळलं नाही. एक खांदा दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली होता. लेकीनं गुपचूप माप लिहून घेतलं.

तो डोळे पुसत गेल्यावर तिनं कारखान्याला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगून टाकलं. मास्तरांनी एकेक करून टाचण्या काढल्या. आता तो नेहमीचा चुलतभाऊ सुरू होणार, म्हणून ती खुर्ची ओढून बसली.

"मला वाटायचं, मी बोलतो म्हणून लोकांचे खांदे उतरतात," मास्तर म्हणाले. मग हातातल्या टाचण्या डबीत ठेवल्या. "चाळीस वर्षांत मी एकाचंही शेवटपर्यंत ऐकलं नाही गं."