कावेखाली झाकलेली लाली

थांबा, आधी हे वाचा! आज सकाळीच दवाखान्यातून घरी आले, बॅग पण उघडली न्हाई अजून, पण हे आत्ताच सांगायचंय.

"सेल्युलायटिस आहे," जालन्याच्या डॉक्टर मॅडम म्हणल्या. मी म्हणलं, म्हंजे? त्यांनी डब्यातली मोसंबी सोलून दाखवली. "हे पिवळं साल म्हणजे तुझी कातडी. खालचा पांढरा, मऊ थर म्हणजे सबक्युटेनियस टिश्यू. जंतू त्या थरात शिरलेत अन् पसरतायत."

झालं असं. मी पोलीस भरतीची तयारी करते, रोज पळते. वडीगोद्रीला आमच्या उसातून येताना पानानं नडगीवर चिरलं. एवढुसं! दुसऱ्या दिवशी पाय लाल, गरम, टम्म. वरून ताप.

आत्या म्हणली, "धावरं हाय गं ते, धावती सूज. काव लाव, जागच्या जागी बसतंय." आमच्याकडं सुजेवर काव, म्हंजे लाल माती, लावतातच. दोन दिवस घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लेप. वरून लाल, आतून पण लाल. वाढून राह्यलंय हे कळणार कसं?

ताप उतरेना म्हणून दवाखान्यात गेलो, तर मॅडमलाही आधी काही दिसेना. "सगळा पायच रंगवून आणलाय! लाली कुठं संपते? मी रेघ कुठं मारू?"

सिस्टरनं ओल्या कापसानं पुसलं. लाली गुडघ्याला टेकली होती. मॅडमनी कडेकडेनं पेनाची रेघ मारली, सलाईनमधून अँटिबायोटिक चालू केलं. "लालीनं रेघ ओलांडली तर औषध बदलायचं. पू झाला तर चिरा द्यावा लागंल."

दुसऱ्या दिवशी लाली दोन बोटं पुढं गेल्ती. औषध बदललं. मी मात्र उशाशी बसलेल्या आत्याला सांगितलं, भरतीचं ग्राउंड, म्हंजे पळायची परीक्षा, मारणार म्हंजे मारणार.

तिसऱ्या दिवशी आत्याच ओरडली, "आत आली गं, रेघीच्या आत!" मंग लगेच टोमणा, "डॉक्टरनं येगळं काय केलं? आम्ही मातीनं रंगवलं, तिनं पेनानं!"

"आत्या, पेनानं दिसलं. मातीनं झाकलं."

आत्या जल्दी जल्दी मोसंबी सोलायला लागली.

चिरा लागला न्हाई. पाय माझा बराबर हाय. अजून पंधरा दिवस पळायचं न्हाई, मंग बघाच! त्या मॅडमचे अन् सिस्टरचे उपकार बिलकुल विसरणार न्हाई. लाली पसरत असंल अन् ताप असंल तर काही न लावता, उघड्या पायानं डॉक्टरकडं पळा.

तुमच्या घरी पण धावऱ्यावर काव लावली होती का? मंग लाली वाढली हे कळलं कधी?