आत्याच्या घरचे परके पितर

माझ्या आत्याच्या दादरच्या दोन खोल्यांत भिंतीवर एकही नातेवाईक नाही. आहेत ते सगळे परके. पागोटं घातलेले एक रागीट वकील, काळ्या टोपीचे आजोबा, नथीच्या भाराने अवघडलेली एक नवी नवरी. सगळी रंगवलेली जुनी चित्रं, कुणाच्या ना कुणाच्या घरून निघालेली. गिरगाव-परळच्या चाळी पाडायला घेतल्या की माणसं नव्या टॉवरमध्ये सोफा नेतात, टीव्ही नेतात आणि पणजोबांना भंगारात देतात. तिथून आत्या त्यांना घरी आणते.

माझी आई यावर नाक मुरडते. "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! आपले पितर पुरेनात म्हणून लोकांचे आणून बसवलेत," असं ती आत्याच्या तोंडावर सुनावते. आत्या हसते आणि तिच्यापुढे चहा ठेवते. आधी मीही आईच्याच पक्षात होते. तिच्याकडे मुक्कामाला गेल्यावर आंघोळ करून बाहेर यावं तर समोर वकीलसाहेब डोळे वटारून उभे!

पण आत्या ज्या निगुतीने हे सगळं करते, ते पाहून मी आईचा पक्ष सोडला. माझ्या आजोबांच्या दाढीच्या जुन्या ब्रशने ती धूळ झाडते, पाण्याचा थेंब लागू देत नाही. चित्रं छताजवळ, पुढे कलवून टांगायची आपल्याकडची पद्धत तिला मुळीच पटत नाही. खुर्चीत बसलेल्याला नजरेला नजर देता येईल इतकी ती खाली लावते. कुणाला मनाने नाव देत नाही, खोटी गोष्ट चिकटवत नाही. आणि हार तर कुणालाच नाही. "माझ्याकडे आले म्हणजे पाहुणे," ती म्हणते. "पाहुण्याला कुणी चंदनाचा हार घालतं का?"

त्या सगळ्यांत तिच्या जिवाभावाच्या होत्या त्या वाचणाऱ्या बाई. नऊवारी नेसलेल्या, पंचविशीच्या आतबाहेरच्या. गिरगावातल्या एका भंगारवाल्याकडून आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात एकावर एक चढवलेले इतके हार होते की चेहऱ्याखालचं काही दिसतच नव्हतं. सर्वांत आतल्या हाराचा तर भुसाच झाला होता. आत्याने ते एकेक करून उतरवले, तेव्हा खालून हात निघाला, हातात मिटलेलं पुस्तक आणि पानांत खूण म्हणून अडकवलेलं बोट. आत्याने त्यांना आपल्या खुर्चीसमोर लावलं. एकटी राहणारी माझी आत्या सकाळचा चहा त्यांच्यासोबत घेऊ लागली.

मागच्या वर्षी त्या भंगारवाल्याकडून नंबर घेऊन एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. ते चित्र त्यांच्या आईचं होतं. चाळ रिकामी करण्याच्या गडबडीत मुलांनी ते देऊन टाकलं होतं. परत मिळेल का, एवढंच ते विचारत होते. आत्याने "या" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी ती जेवली नाही.

माझा संताप झाला. "देऊ नकोस हं, आत्या! आईला भंगारात टाकलं तेव्हा कुठे गेलं होतं प्रेम? तू नसतीस तर या बाईंच्या चौकटीवर कुणाची तरी चूल पेटली असती."

"त्यांची आई आहे गं," आत्या म्हणाली. "माझी नुसती ओळख आहे."

गृहस्थ आले. ऐंशी उलटलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. पिशवीत चंदनाचा नवाकोरा हार होता. चित्रासमोर आले आणि हार धरलेला हात तसाच अधांतरी राहिला.

"हे पुस्तक कुणी रंगवलं?" त्यांनी विचारलं.

"आधीपासूनच आहे," आत्या म्हणाली. "हारांखाली होतं."

ते खुर्चीत बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी नुसतंच हातात धरलं. मग हळूहळू बोलले. ते पाळण्यात असताना आई गेली. चित्र दारावर उंच टांगलेलं असायचं. जुना हार उतरवायचा नाही, त्यावरच नवा चढवायचा, अशी त्यांच्या घरची रीत. पुढे ते स्वतःही तेच करत आले.

"आई वाचायची?" त्यांनी आत्यालाच विचारलं, जणू तिलाच माहीत असणार. "मला कुणी सांगितलंच नाही हो."

"वाचत असणार," आत्या म्हणाली. "बोट बघा ना. कुणीतरी हाक मारली म्हणून मान वर केलीय. पान सोडलेलं नाही."

म्हाताऱ्याने खाली वाकून ते बोट जवळून बघितलं. इतक्या खाली लावलेल्या चित्राचा एवढा उपयोग मी कधी पाहिला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि आत्याचा मला फार अभिमान वाटला.

आत्याने आपल्या हाताने चित्र उतरवलं, मऊ सुती साडीत गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी त्यांना दिलं. ते गेल्यावर पाहिलं तर चंदनाचा हार खुर्चीवरच राहिला होता. मी तो घेऊन धावत खाली गेले. ते टॅक्सीत बसले होते, साडीत गुंडाळलेली आई मांडीवर आडवी घेऊन.

मी खिडकीतून हार पुढे केला. त्यांनी मान हलवली.

"राहू दे गं, बाळ," ते म्हणाले. "तिला वाचू दे."